विमानातला विनोद आणि कानाआड होणाऱ्या सूचना

लोहगाव विमानतळावरून दिल्लीला निघालेले विमान धावपट्टीकडे सरकू लागले, की मधल्या वाटेत उभी राहून हवाई सेविका पट्टा कसा बांधावा, ऑक्सिजनचा मास्क कसा ओढावा, हे दाखवू लागते. त्या दोन-तीन मिनिटांत बहुतेकांची नजर मोबाइलवर असते. नेहमीच्या प्रवाशाला तर हा मजकूर तोंडपाठ असतो. निदान तसा त्याचा समज असतो. या सूचना म्हणजे विमान कंपनीची हौस नव्हे. आसनपट्टा, आपत्कालीन दरवाजे, मास्क आणि जीवरक्षक जाकिटे यांची माहिती प्रवाशांना करून देणे आंतरराष्ट्रीय नियमांनुसार बंधनकारक आहे. अडचण आहे ती ऐकवण्याची, आणि तीवर जगातील काही कंपन्यांनी शोधलेला उपाय म्हणजे विनोद.

या प्रकारात सर्वाधिक गाजलेले नाव अमेरिकेतील साउथवेस्ट एअरलाइन्सचे. १९७१मध्ये टेक्सासमध्ये सेवा सुरू करणाऱ्या या कंपनीने कर्मचाऱ्यांना सूचनांच्या मजकुरात थट्टामस्करी मिसळण्याची मोकळीक दिली. तिचे एक संस्थापक हर्ब केलेहर स्वतःच मिश्कील स्वभावासाठी प्रसिद्ध होते. ‘आधी स्वतःचा मास्क लावा, मग मुलाचा, मुले दोन असतील, तर अधिक लाडके कोण ते आत्ताच ठरवून ठेवा,’ अशा धाटणीची वाक्ये तिकडे नेहमीची झाली. पुढे चित्रफिती आल्या. एअर न्यूझीलंडने २००९मध्ये कर्मचाऱ्यांच्या अंगावर गणवेशाऐवजी केवळ रंग चढवून सूचना चित्रित केल्या, तर २०१२मध्ये ‘हॉबिट’ चित्रपटातील पात्रे विमानात बसवली. या फिती विमानाबाहेरच अधिक पाहिल्या गेल्या. जाहिरात म्हणून त्या यशस्वी ठरल्या, यात शंका नाही.

परंतु दुर्लक्षाची किंमत काय असते, हे २३ नोव्हेंबर १९९६ रोजी दिसले. अपहरण झालेले इथिओपियन एअरलाइन्सचे विमान इंधन संपल्याने कोमोरोस बेटांजवळ समुद्रात कोसळले. विमानात १७५ जण होते. त्यांपैकी १२५ दगावले. अनेकांनी जाकिटे विमानाच्या आतच फुगवली होती. पाणी शिरताच ते छताकडे उचलले गेले आणि खाली बुडालेल्या दरवाजापर्यंत त्यांना पोहोचता आले नाही. ‘बाहेर पडल्यावरच फुगवा’ ही त्या सूचनेतील सर्वांत मोलाची ओळ आहे, आणि ऐकताना नेमकी तीच निसटते.

विनोदाने ती लक्षात राहते काय? याबाबत १७ एप्रिल २०१८ची घटना विचारात पाडणारी आहे. साउथवेस्टच्याच विमानाचे इंजिन हवेत फुटले, एक खिडकी निखळली आणि एका प्रवासी महिलेचा मृत्यू झाला. विमान फिलाडेल्फियात सुखरूप उतरले. त्यानंतर प्रसिद्ध झालेल्या छायाचित्रांत अनेक प्रवाशांनी मास्क केवळ तोंडावर लावला होता, नाक उघडेच! वास्तविक, ३५ हजार फुटांवर हवेचा दाब गेल्यास शुद्धीवर राहून काही करण्यास जेमतेम ३० ते ६० सेकंद मिळतात. दोष विनोदाचाच, असे यावरून म्हणता येणार नाही. मात्र वरचा लाडक्या मुलाचा विनोद पुन्हा वाचावा. मास्क आधी कोणाला, हे तो पक्के सांगतो. नाकाबद्दल त्यात अक्षरही नाही.

हे गणित पुणेकरांना निराळे समजावण्याची गरज नाही. ‘गेटसमोर गाडी लावल्यास हवा सोडली जाईल’ या पाटीतून विनोद काढायला गेल्यास सूचनाच उरत नाही. काय करू नये आणि केल्यास काय होईल, हे एकाच फटक्यात सांगून होते. हसू आले तरी गाडी दुसरीकडेच लागते. विमानातील विनोद बहुधा सूचनेच्या शेजारी बसतो, तिच्या पोटात शिरत नाही.

आपल्याकडे तर करमणूक आणि सूचना यांची फारकतच होती. १७ मार्च २०१४ रोजी, होळीच्या दिवशी, स्पाइसजेटच्या विमानांत कर्मचाऱ्यांनी हवेतच नृत्य केले, तेव्हा नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने कारणे दाखवा नोटीस बजावली. जानेवारी २०१६मध्ये जोधपूर-मुंबई विमानात गायक सोनू निगम यांनी सूचना देण्याच्या यंत्रणेवरून गाणी म्हटली. त्याबद्दल जेट एअरवेजच्या पाच कर्मचाऱ्यांवर निलंबनाची कारवाई झाली. ज्या यंत्रणेवरून संकटकाळी आदेश द्यायचा ती मैफलीसाठी नाही, ही भूमिका योग्यच होती. एअर इंडियाने फेब्रुवारी २०२४मध्ये वेगळी वाट धरली. भरतनाट्यम, कथक, बिहू, गिद्धा अशा आठ नृत्यप्रकारांतील हस्तमुद्रांतून सूचना दाखवणारी चित्रफीत तिने आणली. संगीत शंकर महादेवन यांचे. हा विनोद नव्हे, पण येथे हाताची मुद्राच पट्टा बांधून दाखवते. (आठांत लावणी नाही, ही रुखरुख मराठी प्रेक्षकाला लागणारच.)

भाषेचा मुद्दाही आहे. २०१८च्या डिसेंबरमध्ये तत्कालीन केंद्रीय मंत्री सुरेश प्रभू यांनी विमानतळांवरील उद्घोषणा आधी स्थानिक भाषेत करण्याचे निर्देश दिले; परंतु ते विमानतळापुरते. देशांतर्गत विमानात प्रामुख्याने हिंदी आणि इंग्रजीच ऐकू येते, आणि परक्या भाषेतला विनोद कळायला लागणारा क्षणही तेथे महागाचा असतो.

मराठी पाटीला साजेसा एक विषय मात्र तयार आहे. ३ ऑगस्ट २०१६ रोजी तिरुवनंतपुरमहून दुबईला गेलेले एमिरेट्सचे विमान धावपट्टीवर आदळून पेटले. सर्व ३०० जण बचावले, तरी आत चित्रित झालेल्या दृश्यांत प्रवासी वरच्या कप्प्यातून बॅगा काढताना दिसतात. निम्मे दरवाजे बंद असतानाही संपूर्ण विमान ९० सेकंदांत रिकामे होऊ शकते, हे चाचणीत सिद्ध करावे लागते. ती चाचणी देणाऱ्यांच्या हातात बॅगा नसतात.

आपत्कालीन दरवाजालगतच्या रांगेत अजूनही जुनीच पद्धत चालते. सेविका तेथे वाकून प्रत्येकाला दरवाजा कसा उघडायचा ते सांगते आणि मदतीची तयारी आहे का, असे विचारते. तेथे नुसती मान डोलावून भागत नाही, ‘हो’ किंवा ‘नाही’ असे तोंडाने सांगावे लागते. ‘नाही’ म्हणणाऱ्याची जागा बदलली जाते.