कुत्र्याच्या गळ्यात कोणता पट्टा घालायचा? पालघर-बोईसरच्या पावसात आणि रहदारीत काय लक्षात ठेवायचं?

बोईसर स्टेशनकडून तारापूर एमआयडीसीकडे जाणाऱ्या रस्त्यावर सकाळी कंपन्यांची पाळी बदलते तेव्हा बस, रिक्षा, टँकर आणि दुचाकी सगळे एकाच वेळी धावत असतात. नेमकं त्याच वेळी कुणीतरी कुत्र्याला फिरवायला बाहेर पडलेलं असतं. कुत्रा पुढे, माणूस मागे ओढला जातोय आणि कुत्र्याच्या घशातून खर्रखर्र आवाज येतोय, हे दृश्य पालघरपासून चिंचणीपर्यंत कुठेही दिसेल. दोन-चार दिवस हात दुखल्यावर मालक दुकान गाठतो आणि विचारतो, "याचं ओढणं बंद होईल असा पट्टा आहे का?"

असे पट्टे मिळतात. गळ्याभोवती आवळणारी चोक चेन मिळते, आतल्या बाजूला काटे असलेला पट्टा मिळतो, ऑनलाइन मागवला तर रिमोटचं बटण दाबून करंट देणाराही मिळतो. अडचण एवढीच की कोणताही पट्टा कुत्र्याला चालायला शिकवत नाही. पट्ट्याची कामं दोन. कुत्रा हातातून सुटू नये आणि हरवलाच तर तो कुणाचा हे कळावं. शिकवण्याचं काम माणसाचं आहे. ते पट्ट्यावर सोपवलं की काय होतं, ते पुढे पाहू. आधी साधा पट्टा नीट घेणं आणि वापरणं, कारण बहुतेक चुका तिथेच होतात.

दोन बोटांचं माप

पट्टा बांधल्यावर तो आणि मान यांच्यामध्ये दोन बोटं सपाट सरकली पाहिजेत. बोटं जात नसतील तर पट्टा घट्ट आहे. तीन-चार बोटं सहज फिरत असतील तर सैल आहे, आणि सैल पट्टा रस्त्यावर जास्त धोक्याचा. मागून ट्रकचा हॉर्न वाजला की घाबरलेला कुत्रा पुढे पळत नाही, तो मागे रेटतो, मान खाली घालतो आणि पट्टा डोक्यावरून निसटतो. बांधून झाल्यावर घरातच पट्टा हळूच कानांकडे ओढून पाहावा. निघत असेल तर तो बाहेरही निघणार.

कारवानी आणि त्यासारख्या शिकारी जातींची डोकी मानेपेक्षा फारशी रुंद नसतात, त्यामुळे साधा पट्टा त्यांच्यावर टिकत नाही. त्यांच्यासाठी मार्टिंगेल नावाचा पट्टा असतो. कुत्र्याने मागे रेटलं की तो थोडासा आवळतो आणि ठरलेल्या मापाला थांबतो. चोक चेन थांबत नाही, हा दोघांतला फरक.

पिल्लाचं माप दर आठवड्याला बघायला हवं. तीन महिन्यांच्या लॅब्राडॉरचा पट्टा महिनाभरात घट्ट होऊ शकतो आणि केसांमुळे ते वरून दिसत नाही. पग, शिह त्झू, पॉमेरेनियन अशा लहान चणीच्या कुत्र्यांना दोरी गळ्याला लावूच नये. त्यांची श्वासनलिका नाजूक असते. पट्टा फक्त ओळखीसाठी ठेवावा आणि दोरी छातीपट्ट्याला, म्हणजे हार्नेसला अडकवावी.

पट्ट्यावर कुत्र्याचं नाव कोरून घेण्याची हौस सगळ्यांना असते. हरवलेला कुत्रा घरी आणतो तो मात्र मोबाइल नंबर. बिल्ल्याच्या एका बाजूला नंबर आणि जागा उरली तर रेबीजची लस दिल्याचं वर्ष, एवढं पुरतं.

पाऊस, खारा वारा आणि गोचीड

पट्ट्यांबद्दलचा इंटरनेटवरचा बराचसा सल्ला थंड, कोरड्या देशांतला असतो. पालघरच्या किनारपट्टीवर जून ते सप्टेंबर काहीच धड वाळत नाही. कातडी पट्टा दिसायला रुबाबदार, पण तो पाणी धरून ठेवतो, त्यावर बुरशी येते आणि खालची कातडी दिवसरात्र ओली राहते. मग खाज, लाल चट्टे, केस गळणं. पावसाळ्यात नायलॉनचा किंवा प्लास्टिकचं आवरण असलेला पट्टा बरा. असे दोन पट्टे ठेवले की एक वाळेपर्यंत दुसरा वापरता येतो. रात्री घरात पट्टा काढून ठेवायला काहीच हरकत नाही. उलट मानेला वारा लागतो.

केळवे, शिरगाव किंवा चिंचणीच्या किनाऱ्यावर कुत्र्याला नेलं तर परत आल्यावर पट्टा आणि मान दोन्ही गोड्या पाण्याने धुवावीत. खाऱ्या हवेत साध्या लोखंडी कड्या लवकर गंजतात आणि गंजलेला हूक ऐन वेळी तुटतो. पितळेची किंवा स्टेनलेस स्टीलची कडी थोडी महाग पडते, पण पैसे घालायचेच असतील तर ते रंगीत बकलऐवजी इथे घालावेत.

पट्ट्याखालची जागा गोचिडांना फार आवडते. गोचिडांमुळे कुत्र्यांना एर्लिकिओसिस आणि बबेसिओसिस हे रक्ताचे आजार होतात, त्यात जीवही जातो. आठवड्यातून दोनदा तरी पट्टा काढून, केस उलटे करून पाहावं. बाजारात गोचीड मारणारे औषधी पट्टेही असतात. ते कातडीला टेकलेले असावे लागतात आणि त्यांना दोरी बांधायची नसते. कोणता घ्यायचा हे पशुवैद्यकाला विचारूनच ठरवावं, विशेषतः घरात मांजर असेल तर, कारण कुत्र्यांना चालणारी काही औषधं मांजरांना विषारी ठरतात.

काटे आत की बाहेर?

धनगरांच्या आणि डोंगरी मेंढपाळांच्या कुत्र्यांच्या गळ्यात काटेरी लोखंडी पट्टा असतो. त्याचे काटे बाहेर वळलेले असतात, कारण बिबट्या आणि लांडगा मानेला धरतो. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यात पिंपरखेडला बिबट्याच्या भीतीने माणसांनीच असे खिळ्यांचे पट्टे गळ्यात घातल्याच्या बातम्या आल्या होत्या. दुकानातल्या 'ट्रेनिंग'च्या काटेरी पट्ट्यात हेच काटे आत वळलेले असतात. एका पट्ट्याने कुत्र्याची मान वाचवायची आणि दुसऱ्याने तिलाच टोचायचं.

मानेत श्वासनलिका, अन्ननलिका, थायरॉइड, मोठ्या रक्तवाहिन्या आणि नसा दाटीने बसलेल्या असतात. अमेरिकेत २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गळपट्टा ओढणाऱ्या कुत्र्यांच्या डोळ्यांतला दाब वाढलेला आढळला. छातीपट्टा ओढताना तसा वाढला नाही. ब्रिटनमधल्या नॉटिंगहॅम ट्रेंट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये कुत्र्याच्या मानेच्या कृत्रिम नमुन्यावर वेगवेगळे पट्टे तपासले. जोरात ओढल्यावर त्यातला एकही पूर्ण निर्धोक ठरला नाही, मऊ अस्तराचेसुद्धा नाहीत. म्हणजे ओढायची सवय असलेल्या कुत्र्याला साधा पट्टाही इजा करू शकतो. चोक चेन आणि काट्यांचा पट्टा तर इजेच्या भीतीवरच चालतात.

शरीराच्या इजेइतकाच मोठा प्रश्न कुत्र्याच्या डोक्यात काय बसतं याचा आहे. समजा, सायकलवरचा मुलगा दिसला आणि कुत्रा त्याच्याकडे ओढू लागला. त्याच क्षणी गळ्यात काटे टोचले. मालकाला वाटतं, ओढू नये हे त्याला कळलं. कुत्र्याला कळलेलं असतं ते एवढंच की सायकलवरचं मूल दिसलं की दुखतं. असं वीस वेळा झाल्यावर तो मुलं दिसताच गुरगुरू लागला, तर त्याला बिघडलेला म्हणता येत नाही. चावण्याची प्रकरणं अशीही तयार होतात.

करंटच्या पट्ट्याचंही तेच. नेदरलँड्समध्ये २००४ च्या एका अभ्यासात अशा पट्ट्यांनी शिकवलेले कुत्रे करंट दिला नसतानाही प्रशिक्षकाजवळ भेदरलेले दिसले. पोर्तुगालमध्ये ९२ पाळीव कुत्र्यांचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात शिक्षेवर भर देणाऱ्या वर्गांतल्या कुत्र्यांमध्ये ताणाची लक्षणं जास्त आढळली. या पट्ट्यांची बाजू घेणारे प्रशिक्षक म्हणतात की जनावरांमागे धावणारा कुत्रा दुसऱ्या कशाने थांबत नाही. पण इंग्लंडमधल्या लिंकन विद्यापीठाच्या संशोधकांना २०२० मध्ये हाकेला परत येण्याच्या शिकवणीत करंटचा पट्टा बक्षिसापेक्षा सरस आढळला नाही. वेल्सने तर २०१० मध्येच त्यावर बंदी घातली.

मग ओढणं थांबवायचं कसं?

कुत्रा ओढतो, कारण त्याची चाल माणसापेक्षा जलद असते आणि ओढल्यावर त्याला हवं तिथे पोचता येतं. दुसरं कारण आपणच पुरवतो. तेव्हा नियम एकच करायचा: दोरी ताणली की माणूस थांबणार, दोरी सैल झाली की चालणार. झटका द्यायचा नाही, ओरडायचं नाही. झाडासारखं उभं राहायचं. कुत्रा वळून पाहील किंवा एक पाऊल मागे येईल, त्या क्षणी "शाब्बास" म्हणून पायाशी खाऊ द्यायचा आणि पुढे निघायचं. पहिल्या दिवशी दहा मिनिटांत फाटकापर्यंतही पोचणार नाही, हे आधीच मान्य करावं. घरातल्या सगळ्यांनी हाच नियम पाळायला हवा. बाबांबरोबर ओढून चालत असेल आणि ताईबरोबर नाही, तर कुत्रा ताईच्या हातातही ओढून बघणारच.

खाऊ नखाएवढा असावा. उकडलेलं चिकन किंवा काटे काढलेला उकडलेला मासा उत्तम. सातपाटीच्या बाजूला सुके बोंबील घरोघरी असतात आणि कुत्रे त्यावर जीव टाकतात, पण खारवलेल्या माशातलं मीठ त्यांना चांगलं नाही. कांदा घातलेलं कालवणही देऊ नये.

सराव कुठे करायचा हेही महत्त्वाचं. आधी घरात, मग सोसायटीच्या आवारात, मग शांत गल्लीत. बोईसरचा मुख्य रस्ता सगळ्यात शेवटी, तोही पाळी बदलण्याच्या वेळा टाळून. उन्हाळ्यात डांबरावर हाताचा पंजा सात सेकंद ठेवून पाहावा. आपल्याला चटका बसला तर कुत्र्याच्या पायालाही बसणार. दोरी चार ते सहा फुटांची असावी. बटण दाबून लांब होणारी दोरी किनाऱ्यावर ठीक आहे, टँकरच्या रस्त्यावर नाही.

हे शिकेपर्यंत हात सांभाळायला छातीपट्टा घ्यावा, पण कडी छातीवर पुढे असलेला. कुत्रा ओढायला लागला की तो बाजूला वळतो आणि जोर जातो. कडी फक्त पाठीवर असेल तर तो सगळं अंग लावून आरामात ओढतो. नंतर "छातीपट्ट्याने काही फरक पडला नाही" अशी तक्रार ऐकू येते, त्यामागे बहुतेक वेळा ही पाठीवरची कडी असते. दिवाळीच्या दिवसांत आणि वरातीच्या मोसमात गळपट्टा आणि छातीपट्टा दोन्ही घालून दोरी दोघांना अडकवावी. फटाक्याने बिथरलेला कुत्रा एकातून निसटला तरी दुसऱ्यात राहतो.

दारातली साखळी

पट्ट्याचा सर्वांत वाईट वापर फिरवताना होत नाही, तो दारात होतो. राखणीचा कुत्रा म्हणून जाड साखळीने दिवसभर खांबाला बांधून ठेवणं ही गावात आणि कंपन्यांच्या फाटकांवरही रुळलेली पद्धत आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याचं कलम ११ इथे लागू होतं. अवाजवी आखूड किंवा जड साखळीने प्राण्याला अवाजवी काळ बांधून ठेवणं आणि कायम बांधलेल्या कुत्र्याला फिरवून न आणणं, दोन्ही गुन्हे आहेत. पहिल्या गुन्ह्याचा दंड मात्र १० ते ५० रुपये. चोक चेन किंवा करंटच्या पट्ट्याचं नाव या कायद्यात नाही, पण अनावश्यक वेदना देण्याबद्दलची तरतूद त्यांनाही लागू शकते. दुसऱ्या बाजूने, मालकाच्या निष्काळजीपणामुळे कुत्र्यापासून माणसाला धोका झाला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

बांधलेला कुत्रा चांगली राखण करतो, हा समजही तपासून पाहावा. त्याला पळून जाता येत नाही, म्हणून जवळ येणाऱ्या प्रत्येकावर तो आधी धावून जातो आणि सापडतं ते घरातलं किंवा शेजारचं लहान मूल. जंगलालगतच्या पाड्यांवर आणखी एक गोष्ट आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास झाला, तेव्हा त्यांच्या आहारात वजनाने सुमारे ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला. रात्री अंगणात साखळीने बांधलेल्या कुत्र्याला बिबट्यासमोर पळायलाही जागा नसते. त्याला रात्री पडवीत किंवा दाराआड घ्यावं.

गल्लीतल्या पिल्लाच्या गळ्यातली दोरी

भटक्या कुत्र्यांना पट्टा घालण्याची पद्धत वाढते आहे आणि त्यामागचा हेतू चांगला आहे. चमकणारा पट्टा असेल तर रात्री वाहनचालकाला कुत्रा लांबून दिसतो. मुंबई विमानतळाबाहेरच्या २० भटक्या कुत्र्यांच्या गळ्यात २०२३ च्या जुलैमध्ये क्यूआर कोडचे बिल्ले घातले होते. मोबाइलने कोड वाचला की त्या कुत्र्याच्या लसीकरणाची आणि नसबंदीची माहिती मिळायची. पट्टा नसलेल्या भटक्या कुत्र्याची नसबंदी झाली आहे का, हे कानाला दिलेल्या छोट्या खाचेवरून कळतं.

घात होतो तो हौसेने बांधलेल्या दोरीमुळे. गल्लीतली मुलं दोन महिन्यांच्या पिल्लाला लाडाने सुतळी, रिबन किंवा जुन्या पिशवीचा बंद बांधतात. पिल्लू वाढतं, दोरी वाढत नाही. चार-पाच महिन्यांत ती कातडीत रुतते, जखमेत किडे पडतात आणि कुत्रा कुणाला मान धरू देत नाही, म्हणून ती तशीच राहते. भटक्या पिल्लाला पट्टा घालूच नये. पूर्ण वाढलेल्या कुत्र्याला घालायचा असेल तर लवचिक किंवा जोर लागल्यावर आपोआप सुटणारा घालावा, आणि महिन्यातून एकदा तो पाहणारं कुणीतरी त्या गल्लीत असावं.

रुतलेली दोरी दिसली तर ती ओढून काढू नये. रक्तस्राव होतो आणि दुखावलेला कुत्रा चावतो. पशुवैद्यकीय दवाखान्याला किंवा प्राणिमित्र संस्थेला कळवून कुत्र्याला भूल देऊनच ती कापावी लागते. तोवर त्याला रोज एका ठराविक जागी खायला घालत राहावं, म्हणजे माणसं येतील तेव्हा तो सापडेल. आणि या धडपडीत दात लागलाच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवावी आणि रेबीजच्या लशीसाठी त्याच दिवशी सरकारी रुग्णालय गाठावं.