मेणाच्या नळीवरची जर्मन भाषा

श्रोतेहो, पुस्तक वाचून पोहायला येत नाही, तशीच परभाषाही नुसती वाचून बोलता येत नाही. जर्मन भाषेत ‘शोन’ म्हणजे ‘आधीच’. हे आपल्याला चटकन जमते. पण ‘सुंदर’ म्हणताना त्याच शब्दाचा स्वर बदलतो: जिभेने ‘ए’ म्हणायचा आणि ओठ मात्र ‘ओ’सारखे गोल करायचे! आता हे कागदावर ऐकू कसे येणार?

१८७७ साली एडिसनने फोनोग्राफ तयार केला आणि आवाज साठवता येऊ लागला. पुढे मेणाच्या नळ्या आल्या. अमेरिकेत स्क्रँटन येथे १८९१ साली खाणकामगारांसाठी टपालाने शिक्षण सुरू झाले होते. त्याच संस्थेने विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रेंच, स्पॅनिश आणि जर्मनचे पाठ नळ्यांवर भरून घरोघर पाठवले. गंमत पुढेच आहे. विद्यार्थी कोऱ्या नळीवर आपला आवाज भरी, ती टपालाने परत धाडी. शिक्षक ऐकून चुका कळवीत.

मग बर्लिनरच्या सपाट तबकड्यांनी नळ्यांना मागे टाकले. पण घरच्या तबकडीवर नुसते ऐकायचे. १९५३ साली सुरू झालेल्या ‘डॉइचे वेले’ने रेडिओवरून जगभर जर्मन शिकवली, तिथेही शिकणाऱ्याचा उच्चार परत जाईना.

कान तयार करायला यंत्र पुरते. जीभ वळायला मात्र कुणी ऐकणारा लागतो. आज साध्या फोनवरही आवाज भरता येतो. तेव्हा शिक्षकबंधूंनो, पाठ ऐकवून थांबू नका. मुलाला बोलू द्या, त्याचाच आवाज त्याला ऐकवा आणि तुम्हीही कान देऊन ऐका.