फ्रँकफुर्ट : विध्वंस आणि पुनर्बांधणी

महाकवी गटे ‘शाकुंतल’ डोक्यावर घेऊन नाचला, ही आख्यायिका आपल्याकडील प्रत्येक पिढीने शाळेत ऐकली आहे. तो नाचला की नाही, कोण जाणे. परंतु १७९१ साली फॉर्स्टरचा जर्मन अनुवाद वाचून त्याने त्या नाटकावर एक छोटी कविता लिहिली, एवढे खरे. या गटेचे फ्रँकफुर्टमधील जन्मघर २२ मार्च १९४४ च्या रात्री ब्रिटिश विमानांच्या बॉम्बवर्षावात नष्ट झाले. २२ मार्च ही गटेची पुण्यतिथी.

शहरांवर बॉम्ब टाकण्याचा पाठ युरोपला जर्मनीनेच दिला होता. गेर्निका, वॉर्सा, रॉटरडॅम, कॉव्हेंट्री ही नावे आधीची आहेत. १९४२ पासून ते अस्त्र उलटले. हॅम्बर्ग १९४३ मध्ये जळाले, ड्रेस्डेन १९४५ मध्ये. फ्रँकफुर्टमध्ये युद्धकाळातील हल्ल्यांत साडेपाच हजारांवर माणसे मेली आणि लाकडी सांगाड्याच्या हजारावर घरांची मध्ययुगीन वस्ती मार्च १९४४ मधील काही रात्रींत राख झाली. युद्ध संपल्यावर नगरपालिकेने शहरातील सारा ढिगारा आपल्या ताब्यात घेतला, तो दळून त्यापासून बांधकामाचे नवे ठोकळे तयार करण्याचा कारखाना काढला आणि पडलेल्या घरांच्याच मातीतून नवी घरे उभारली. व्यवहाराचा प्रश्न असा सुटला. अवघड प्रश्न निराळाच होता : जे गेले ते पुन्हा जसेच्या तसे उभारावे काय?

गटेच्या घरापाशी हा वाद पेटला. घराची व्यवस्था पाहणाऱ्या संस्थेचे संचालक एर्न्स्ट बॉइटलर यांनी दूरदृष्टीने तेथील चित्रे, सामान व ग्रंथ आधीच सुरक्षित स्थळी हलविले होते. वास्तूची मापे आणि छायाचित्रेही हाती होती. तेव्हा घर होते तसेच बांधावे, असा त्यांचा आग्रह. वाल्टर डिर्क्स या विचारवंताने १९४७ मध्ये त्याला कडाडून विरोध केला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे, की हे घर अपघाताने पडलेले नाही. गटेच्या राष्ट्राने गटेच्या शिकवणुकीकडे पाठ फिरविली, त्याचे हे फळ आहे. जणू काही घडलेच नाही अशा थाटात ते पुन्हा उभारणे म्हणजे इतिहासाशी लबाडी. त्यापेक्षा त्याचा निरोप घेण्याचे धैर्य दाखवावे.

हा युक्तिवाद सहज बाजूला सारता येण्यासारखा नाही. फ्रँकफुर्टच्या रोमरबेर्ग चौकात १९३३ च्या मे महिन्यात विद्यार्थ्यांनीच पुस्तकांची होळी केली होती. १९३८ च्या नोव्हेंबरात शहरातील ज्यूंची प्रार्थनामंदिरे पेटविण्यात आली. आग आकाशातून येण्यापूर्वी ती रस्त्यावरून आली होती. तरीही कौल बॉइटलर यांच्या बाजूने लागला आणि मे १९५१ मध्ये घर उघडले. मला स्वतःला डिर्क्सचे तर्कशास्त्र पटते. पण जपून ठेवलेले मेज आणि चित्रे हाताशी असताना त्यांना घर नाकारणेही माझ्याच्याने झाले नसते.

पाउल्सकिर्शे या चर्चच्या बाबतीत मात्र शहराने निराळा मार्ग धरला. १८४८ साली जर्मनीची पहिली निर्वाचित राष्ट्रसभा येथेच भरली होती. १८ मार्च १९४४ च्या हल्ल्यात ही वास्तू आतून जळून गेली. राष्ट्रसभेच्या शताब्दीसाठी १९४८ च्या मे महिन्यात ती उघडली, ती मुद्दाम साधी, अलंकार टाळून. जुनी भिंत, आत मोकळी पांढरी जागा. उपासमारीच्या दिवसांत आणि अपुऱ्या साहित्यानिशी केलेली ही दुरुस्ती मला सर्वांत प्रामाणिक वाटते.

जुन्या वस्तीच्या मध्यभागी पुढे १९७० च्या दशकात काँक्रीटचे एक अवाढव्य शासकीय भवन उभारण्यात आले. तेही अखेर पाडावे लागले. त्या जागी २०१८ पर्यंत ३५ इमारती उभ्या राहिल्या. त्यांतील १५ जुन्यांच्या हुबेहूब प्रतिकृती आहेत. टीकाकारांनी याला नाटकाचा पडदा म्हणून हिणवले. सामान्य नागरिकांनी मात्र तेथे गर्दी केली.

ग्रंथालयाच्या वाचकांना ज्या वास्तूविषयी अधिक कुतूहल वाटेल, ती माइन नदीच्या काठी आहे. १८२० च्या दशकात बांधलेले हे नगरग्रंथालय. उपनिषदांचा भक्त शोपेनहौअर उत्तरायुष्यात त्याच परिसरात राहत असे. स्वातंत्र्य परत मिळालेल्या नगरीने ही वास्तू विद्येला अर्पिली, अशा आशयाचा लॅटिन लेख तिच्यावर होता. महायुद्धात इमारत कोसळली. जे ग्रंथ आधी हलविले होते ते वाचले, उरलेले जळाले. स्तंभांची दर्शनी देवडी तेवढी उभी राहिली आणि सुमारे साठ वर्षे मागे काहीच नसलेले ते दार तसेच उभे होते. २००५ साली देवडीमागे इमारत पुन्हा बांधण्यात आली. ग्रंथालय मात्र तेथे परतले नाही. आज ते ‘साहित्यगृह’ आहे. सायंकाळी लेखक येतात, नव्या पुस्तकांतील उतारे वाचतात आणि श्रोते त्याच जुन्या स्तंभांमधून आत जातात.