आभासी ग्रहदर्शन

आभासी ग्रहदर्शन : सूर्यमालेत जिथे माणूस अजून पोचलेला नाही, तिथून काय दिसेल ते मोजमापांच्या आधारे चित्रात, घुमटावर किंवा पडद्यावर उभे करण्याची कला आणि तंत्र. दुर्बिणीतून ग्रह पाहणारा पृथ्वीवरच असतो. इथे त्याची जागाच बदलते.

सुरुवात चित्रकारांनी केली. चेस्ली बोनस्टेल या अमेरिकन चित्रकाराने १९४४ साली शनीच्या टायटन या चंद्रावरून दिसणारा शनी रंगवला. टायटनला वातावरण असल्याचे खगोलशास्त्रज्ञ कायपर यांना त्याच सुमारास आढळले होते, म्हणून चित्रातले आकाश निळे आणि त्यात कड्यांसह लख्ख शनी. १९८० मध्ये व्हॉयेजर-१ यान जवळून गेले तेव्हा टायटन दाट नारिंगी धुक्यात बुडालेला दिसला. त्याच्या जमिनीवरून असा शनी डोळ्यांना दिसायचा नाही. तरीही चित्रकाराला दोष देता येत नाही. हाती असलेल्या माहितीशी तो प्रामाणिक होता.

तारांगणाचा यांत्रिक प्रक्षेपक जर्मनीच्या कार्ल त्साइस कंपनीने बनवला व १९२३ मध्ये म्युनिकला दाखवला. पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमधले छोटे तारांगण १९५४ सालचे. रायगड जिल्ह्यातल्या पेण-रोह्याकडच्या मुलांच्या सहलीसाठी सोयीचे मोठे तारांगण म्हणजे मुंबईतले वरळीचे नेहरू तारांगण. ते ३ मार्च १९७७ रोजी सुरू झाले आणि तिथे मराठीतूनही खेळ होतात. तिथला पहिला त्साइस प्रक्षेपक पृथ्वीवरून दिसणारे आकाश अप्रतिम दाखवी, पण प्रेक्षकाला पृथ्वीवरून उचलून नेणे त्याच्या घडणीतच नव्हते. २००३ मध्ये डिजिटल प्रक्षेपक आला. संगणक प्रत्येक क्षणी नव्या ठिकाणाहून दिसणारे दृश्य मोजून काढत असल्याने शनीच्या कड्यांमधून जाणे घुमटाखाली शक्य झाले. घरच्या संगणकावर हेच काम सेलेस्टियासारखी मोफत प्रणाली करते.

या दृश्यांत खरे किती आणि रचलेले किती, हे सांगितलेच पाहिजे. मॅगेलन यानाने रडारने शुक्राची जमीन मोजली. त्या मोजणीवरून केलेल्या प्रसिद्ध चित्रात मात मॉन्स हा ज्वालामुखी सुळक्यासारखा उभा दिसतो, कारण उंची साडेबावीस पट ताणलेली आहे. प्रत्यक्षात तो रुंद, सौम्य उताराचा डोंगर. नारिंगी रंगही रडारचा नव्हे. तो सोव्हिएत व्हेनेरा यानांनी शुक्रावर उतरून घेतलेल्या छायाचित्रांवरून दिलेला. मूळ चित्राखाली हे लिहिलेले असते. चित्र हातोहात फिरते, तळटीप मागे राहते, आणि मुलांच्या मनात शुक्राचे डोंगर सुळक्यांचे होऊन बसतात.

याहून मोठी उणीव अंतराची आहे. घुमटाखाली सूर्यापासून नेपच्यूनपर्यंत काही मिनिटांत जाता येते आणि मधली पोकळी जाणवतच नाही. ती जाणवून घ्यायला पेण-रोहा रेल्वेमार्ग चांगला उपयोगी पडतो. हे सुमारे ४० किमी अंतर सूर्य ते नेपच्यून मानले, तर पेण स्थानकातला सूर्य सव्वाबारा मीटरहून थोडा मोठा, म्हणजे चार मजली इमारतीएवढा होतो. पृथ्वी त्याच्यापासून १.३ किमीवर, ११ सेंटिमीटरची. गुरू ७ किमीवर. त्याचा व्यास सव्वाचार फुटांच्या आत, पेणच्या कारखान्यांत तयार होणाऱ्या एखाद्या मंडळाच्या गणपतीइतका. शनी पावणेतेरा किमीवर, साडेतीन फुटी. युरेनस नागोठण्याच्या आसपास. रोहा स्थानकात नेपच्यून, दीड फुटाला जरा कमी, घरच्या मूर्तीएवढा. या सगळ्यांच्या मधे फक्त रूळ, शेते आणि खाडीची जमीन.

प्रकाशालाही याच मापाने चालायला लावले, तर पेणहून निघून रोह्याला पोचायला त्याला चार तासांहून थोडा अधिक वेळ लागतो. हा वेग ताशी साडेनऊ किलोमीटरच्या जवळपास पडतो. सायकलवरचा मुलगा त्याला सहज मागे टाकील. घुमटाखालचा प्रेक्षक प्रकाशाला किती मागे टाकत असतो, हे तिथे कोणी सांगत नाही. सांगायला हवे. या मापात उरला प्लूटो. त्याची कक्षा बरीच लंबवर्तुळाकार आहे. त्याचे सरासरी अंतर घेतले तर तो रोह्याच्याही पुढे, कोलाडच्या आसपास येतो, आणि आकाराने सुपारीएवढा भरतो.