लहान मुलांतील कोविड-१९ (मीरा-भाईंदर व मुंबई परिसर)

सार्स-कोव्ह-२ या विषाणूमुळे मुलांना होणारा संसर्ग. ठाणे जिल्ह्यातील मीरा-भाईंदरमध्ये साथीच्या काळात भाईंदर पश्चिमेचे पंडित भीमसेन जोशी (टेंभा) रुग्णालय कोविडसाठी राखीव होते.

बहुतेक मुलांना ताप, सर्दी, खोकला, क्वचित जुलाब एवढाच त्रास होतो आणि घरच्या देखरेखीत ती बरी होतात. धाप, अंग निळसर पडणे, दूध-पाणी न घेणे, मलूल पडणे ही मात्र तातडीने रुग्णालयात नेण्याची लक्षणे. रक्तातील ऑक्सिजन मोजताना प्रौढांचा ऑक्सिमीटर तान्ह्याच्या बोटावर नीट बसत नाही. त्यासाठी पावलाला गुंडाळायचा प्रोब लागतो. आईला किंवा वडिलांना मुलाजवळ राहू देणे हाही उपचाराचाच भाग मानायला हवा.

खरी काळजी नंतरची. संसर्गानंतर २ ते ६ आठवड्यांनी काही मुलांना एमआयएस-सी हा बहुअवयवी दाह होतो. मूळ संसर्ग कित्येकदा घरात कुणाच्या लक्षातही आलेला नसतो. न उतरणारा ताप, लाल डोळे, पुरळ, पोटदुखी, घसरणारा रक्तदाब ही त्याची लक्षणे; हृदयावरील परिणाम तपासण्यासाठी टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) करतात. इम्युनोग्लोब्युलिन व स्टेरॉइड वेळेवर मिळाल्यास बहुतेक मुले सावरतात. परळच्या वाडिया बालरुग्णालयात २०२० मध्ये असे रुग्ण आढळले.

२०२१ मध्ये राज्याने डॉ. सुहास प्रभू यांच्या अध्यक्षतेखाली बालरोग कृती दल नेमले. १५ ते १८ वयोगटाचे लसीकरण ३ जानेवारी २०२२ रोजी, तर १२ ते १४ वयोगटाचे १६ मार्चला सुरू झाले.