काळ्या तारा मध्यभागी : घरी जोडलेल्या संगणकाचा इतिहास

१/
जुन्या संगणकात मदरबोर्डला वीज पुरवणारे दोन प्लग असत, पी-८ आणि पी-९. दोन्हींचा आकार जवळपास सारखा, म्हणून ते अदलाबदल होऊनही बसत. जोडणी करणाऱ्यांमध्ये त्यासाठी एक नियम तोंडी चालत आलेला होता : दोन्ही प्लगच्या काळ्या तारा शेजारी-शेजारी, मध्यभागी आल्या पाहिजेत. चूक झाली की बोर्ड जळण्याचा धोका. १९९० च्या दशकात औरंगाबादेतील घरांत पोहोचलेल्या कितीतरी संगणकांचे भवितव्य या एका वाक्यावर अवलंबून होते. #थ्रेड

२/
आजचे छत्रपती संभाजीनगर, तेव्हाचे औरंगाबाद. तिथल्या मध्यमवर्गीय घरातला पहिला संगणक पुष्कळदा एकाच कंपनीचा नसे. कॅबिनेट एकाचे, मदरबोर्ड दुसऱ्याचा, हार्ड डिस्क तिसऱ्याची. अशा यंत्राला मराठीने सरळ ‘असेम्बल्ड’ म्हटले. ते घरी जोडता येणे शक्य कसे झाले आणि त्या यंत्रात मराठीला जागा केव्हा मिळाली, या दोन प्रश्नांचे उत्तर अखेरीस एकच निघते.

३/
आरंभ मुंबईपासून. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली ‘टिफरॅक’ हा संगणक घडवला गेला आणि १९६० मध्ये तो कार्यान्वित झाला. सुमारे २,७०० निर्वात नळ्या, १,७०० जर्मेनियम डायोड आणि १२,५०० रोधक हातांनी जोडून केलेले हे यंत्र. स्मृती २,०४८ शब्दांची. म्हणजे देशात घडलेल्या पहिल्या संगणकांपैकी हा एक, आणि तोही ‘असेम्बल्ड’च. फरक इतकाच की त्याचा प्रत्येक भाग केवळ त्याच यंत्रासाठी होता. तशा दुसऱ्या यंत्राचा भाग बाजारात मिळण्याचा प्रश्नच नव्हता.

४/
पुढची दोन दशके संगणक ही परवान्याची वस्तू होती. १९७० मध्ये केंद्राचा इलेक्ट्रॉनिक्स विभाग स्थापन झाला. यंत्र आणायचे तर सरकारी मंजुरी हवी. १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्याने परदेशी कंपन्यांच्या भागभांडवलावर मर्यादा घातली आणि १९७८ मध्ये आयबीएमने भारतातला व्यवसाय गुंडाळला. त्या पोकळीत ईसीआयएल, डीसीएम, एचसीएल अशा देशी कंपन्या वाढल्या. परंतु त्यांचे ग्राहक होते कारखाने, बँका आणि संशोधन संस्था. घर या चित्रात कुठेच नव्हते.

५/
त्याच काळात अमेरिकेत घर चित्रात आले होते. जानेवारी १९७५ मध्ये ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’ मासिकाच्या मुखपृष्ठावर ‘अल्टेअर ८८००’ झळकला. तो सुट्या भागांच्या संचाच्या रूपाने टपालाने मागवता येई; डाग देऊन तो स्वतः जोडायचा. छंदिष्टांसाठी ही पर्वणी होती. मात्र ज्याला डाग देता येत नाही, त्याच्यासाठी ते दार बंदच होते.

६/
खरे वळण १२ ऑगस्ट १९८१ रोजी आले. आयबीएमने आपला ‘पर्सनल कॉम्प्युटर’ बाजारात आणला. घाईच्या मुदतीत काम पूर्ण करायचे म्हणून फ्लोरिडातील बोका रॅटन येथील गटाने बाजारात तयार मिळणारे भाग वापरले : प्रोसेसर इंटेलचा ८०८८, कार्यप्रणाली मायक्रोसॉफ्टची. आत जादा कार्डांसाठी पाच खाचा ठेवल्या. त्याहून महत्त्वाचे म्हणजे विद्युत मंडलांचे आराखडे असलेली तांत्रिक पुस्तिकाच विक्रीस ठेवली. इतरांनी कार्डे बनवावीत हा हेतू. इतरांनी अखेर अख्खे यंत्रच बनवले.

७/
अडसर एकच उरला होता : यंत्र सुरू होताना प्रथम चालणारी ‘बायोस’ ही आज्ञावली. तिच्यावर आयबीएमचा स्वामित्वहक्क होता. कॉम्पॅकने मूळ मजकूर न पाहिलेल्या लोकांकडून तेच काम करणारी नवी बायोस लिहवून घेतली आणि १९८३ मध्ये आपले यंत्र ग्राहकांच्या हाती दिले. १९८४ मध्ये फिनिक्स कंपनी अशीच बायोस कोणालाही विकू लागली. कुंपणच निघाले. पुढे गिगाबाइट, एमएसआय (दोन्ही १९८६) आणि आसुस (१९८९) अशा तैवानी कंपन्या उभ्या राहिल्या आणि मदरबोर्ड ही बाजारात मिळणारी वस्तू झाली.

८/
भारतातले कुंपण सैल झाले ते १९ नोव्हेंबर १९८४ रोजी. राजीव गांधी सरकारच्या नव्या संगणक धोरणाने उत्पादनाची वाट खाजगी कंपन्यांसाठी रुंद केली, आयात सोपी केली आणि शुल्क कमी केले. आयबीएम-सुसंगत यंत्रे देशात जोडली जाऊ लागली. किंमत मात्र अजूनही पगारदार माणसाच्या आवाक्याबाहेर होती.

९/
या सुमारास औरंगाबादही बदलत होते. चिकलठाण्यापाठोपाठ वाळूजची औद्योगिक वसाहत उभी राहिली. १९८५ मध्ये बजाज ऑटोचा कारखाना तिथे सुरू झाला. व्हिडिओकॉनने दूरचित्रवाणी संचांच्या उत्पादनाने शहराचे नाव घरोघर नेले. शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० पासून होतेच. विद्यापीठाच्या परिसरात केंद्र सरकारचे इलेक्ट्रॉनिक्स प्रशिक्षण केंद्र, सीईडीटीआय, आले. आज तेच ‘नाइलिट’ म्हणून ओळखले जाते. थोडक्यात, संगणक घरात येण्यापूर्वी शहरात पेचकस, मल्टीमीटर आणि सर्किट ओळखणारे हात तयार झाले होते.

१०/
१९९१ नंतर आयात आणखी खुली झाली आणि सुट्या भागांची बाजारपेठ बहरली. दिल्लीत नेहरू प्लेस, बंगळूरुत एस. पी. रोड, मुंबईत लॅमिंग्टन रोड. मराठवाड्याची वाट मुंबई आणि पुण्याकडे जाई. मदरबोर्ड, रॅम, हार्ड डिस्क या वस्तू लहान, हलक्या आणि महाग. एका पिशवीत एका संगणकाचा जीव मावत असे. दुकानदाराचे भांडवल थोडे असले तरी चाले. गिऱ्हाइकाची मागणी आली की भाग आणायचे आणि जोडून द्यायचे.

११/
असेम्बल्ड यंत्र ब्रँडेडहून स्वस्त का पडे? नावाचा अधिभार नाही, जाहिरात नाही, नको असलेले भाग नाहीत. आज सोळा एमबी रॅम घ्या, पुढच्या दिवाळीत आणखी टाका, ही सोय वेगळीच. पुष्कळदा बिल नाही, म्हणून करही नाही, ही या व्यवहाराची काळी बाजू. १९९७ मध्ये भारत जागतिक व्यापार संघटनेच्या माहिती तंत्रज्ञान करारात सामील झाला आणि २००५ पर्यंत या वस्तूंवरील आयात शुल्क टप्प्याटप्प्याने शून्यावर आले. तेव्हा अधिकृत मार्गानेही स्वस्ताई पोहोचली.

१२/
जोडणीचा दिवस हा एक विधीच असे. कॅबिनेट आडवे ठेवायचे. प्रोसेसरच्या सॉकेटची बारीक दांडी उचलून चिप अलगद बसवायची. जोर लावायचा नाही. रॅमची पट्टी दोन्ही बाजूंनी ‘कट्’ असा आवाज येईपर्यंत दाबायची. हार्ड डिस्कच्या चपट्या रिबन केबलची लाल कड पहिल्या पिनच्या बाजूला. एकाच केबलवर दोन डिस्क असतील तर जंपर लावून एकीला ‘मास्टर’ आणि दुसरीला ‘स्लेव्ह’ करायचे. हे सारे पुस्तकात कमी आणि शेजारी उभे राहून पाहण्यात अधिक शिकले जाई.

१३/
मग वीज. वीजपुरवठ्याच्या पेटीमागे एक लाल खटका असे : ११५ की २३०. अमेरिकेचा आकडा तसाच राहिला आणि आपल्या घरचा प्लग लागला, की धूर. त्यावर मराठवाड्याचे स्वतःचे प्रश्न : अर्थिंग नसलेली जुनी घरे, चढउतार करणारा दाब, उन्हाळ्यात चाळिशी ओलांडणारे तापमान, धूळ. २००० च्या दशकात भारनियमनाने कहर केल्यावर यूपीएस हा संगणकाचा अनिवार्य अवयव ठरला. मॉनिटरखालोखाल जड वस्तू तीच.

१४/
काळ्या तारांचा नियम १९९५ नंतर हळूहळू निरुपयोगी झाला. इंटेलने ‘एटीएक्स’ हे नवे मानक जाहीर केले : वीस पिनांचा एकच प्लग, एकाच बाजूने बसणारा. चूक करण्याची शक्यताच आकाराने काढून टाकली. जे ज्ञान आजवर कारागिराच्या स्मरणात होते ते प्लास्टिकच्या खाचेत उतरले. उत्तम मानकाची खूण हीच : ते माहीत नसलेल्या माणसालाही त्याचा लाभ होतो.

१५/
यंत्र उभे राहिले तरी ते रिकामेच असे. बूट फ्लॉपी घाला, ‘एफडिस्क’ने विभाग पाडा, फॉरमॅट करा, मग विंडोज. ही विंडोज बहुधा नकली प्रत असे, हे इतिहासाने लपवू नये. १९९४ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायदा कडक झाला आणि मे १९९५ पासून लागू झाला. पायरेटेड सॉफ्टवेअर जाणूनबुजून वापरणे हा स्पष्ट गुन्हा ठरला. तरीही घराघरांत तीच सीडी फिरत राहिली. स्वस्त यंत्राच्या हिशेबात सॉफ्टवेअरची किंमत कोणी धरलीच नव्हती.

१६/
आणि या सर्व तयारीनंतर यंत्र इंग्रजीतच बोले. मराठी त्यात नव्हती. १९८० च्या दशकात आयआयटी कानपूरमध्ये विकसित झालेले ‘जिस्ट’ तंत्रज्ञान पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये (स्थापना १९८८) वाढले आणि ते चक्क कार्डाच्या रूपात मिळे. संगणकाच्या खाचेत ते कार्ड बसवले की पडद्यावर देवनागरी उमटे. एका काळात मराठी हाही संगणकाचा एक सुटा भाग होता, तोही वेगळे पैसे मोजून घ्यावा लागणारा.

१७/
विंडोज आल्यावर कार्डाची जागा फाँटने घेतली. श्री-लिपी, आकृती यांसारख्या पॅकेजांनी मराठी छपाईचा चेहराच बदलला. लग्नपत्रिका, प्रश्नपत्रिका, दैनिके, प्रबंध, सारे त्यांत टंकित झाले. पण एकाच्या फाँटमध्ये ‘क’साठी जो सांकेतिक आकडा, तो दुसऱ्याच्या फाँटमध्ये वेगळ्याच अक्षराचा. भारतीय मानक संस्थेने १९९१ मध्ये ‘इस्की’ हे समान मानक दिले होते, तरी फाँटविक्रेते आपापल्या वाटेने गेले. फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की मराठीच्या जागी रोमन अक्षरांची खिचडी दिसे.

१८/
उपाय आला तो पुन्हा एका खुल्या मानकातून. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युनिकोडमधील देवनागरीची मांडणी इस्कीवरच बेतलेली होती. विंडोज २००० मध्ये मराठीला थेट आधार मिळाला. तिच्यासोबतचा ‘मंगल’ हा फाँट आयआयटी मुंबईत अध्यापन केलेले सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी रेखला होता. विंडोज एक्सपीवर मात्र आणखी एक पायरी होती : कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’च्या चौकटीत खूण करायची आणि मूळ सीडी घालायची. सीडी हरवली तर मराठीही गेली.

१९/
मराठीच्या खास गरजाही त्या मानकात बसवाव्या लागल्या. ‘दऱ्या’, ‘कुऱ्हाड’, ‘तऱ्हा’ यांतला अर्धा र हिंदीला लागत नाही. युनिकोडमध्ये नुक्ता असलेल्या ‘ऱ’ला हलन्त जोडून तो मिळवण्याची सोय झाली. बाब लहान, पण ती नसती तर प्रत्येक ‘सुऱ्या’ पडद्यावर ‘सुर्या’ झाला असता. मे २००३ मध्ये मराठी विकिपीडिया सुरू झाला तो याच पायावर.

२०/
घरच्या यंत्राला कारण पुरवले ते अभ्यासक्रमाने. २००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळ, म्हणजे एमकेसीएल, स्थापन झाले आणि एमएस-सीआयटी गावोगाव पोहोचला. शासकीय नोकरीसाठी हे प्रमाणपत्र लागू लागताच ‘मुलांच्या शिक्षणासाठी’ हे वाक्य संगणकाच्या खरेदीमागे उभे राहिले. जोडणाऱ्याच्या दुकानाशेजारी शिकवणारे केंद्र, अशी जोडी शहराशहरांत दिसू लागली.

२१/
या प्रवासात हरवले काय, हेही पाहिले पाहिजे. १९९० ते २००५ या काळात जुन्या फाँटमध्ये टंकलेला अफाट मराठी मजकूर आज सहजी वाचता येत नाही. फ्लॉप्या बुरशीने गेल्या, हार्ड डिस्क भंगारात गेल्या, आणि ज्या फाइली उरल्या त्यांचा फाँट मिळत नाही. रूपांतर करणारी साधने आहेत, पण फाँट कोणता होता हे आधी ओळखावे लागते. मोडीतला दोनशे वर्षांपूर्वीचा कागद जाणकाराला वाचता येतो. पंचवीस वर्षांपूर्वीची मराठी फाइल वाचता येईलच असे नाही.

२२/
आज चित्र पुन्हा पालटते आहे. अनेक लॅपटॉपांत रॅम बोर्डावरच पक्की डागलेली असते. वाढवायची तर यंत्रच नवे घ्यायचे. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने लॅपटॉप, टॅब्लेट, ऑल-इन-वन संगणक यांच्या आयातीवर परवान्याची अट जाहीर केली. पुढे तिच्या जागी देखरेखीची सौम्य व्यवस्था आली. परवाना हा शब्द चार दशकांनी परत ऐकू आला. सुट्या भागांतून डेस्कटॉप जोडण्याची वाट अजून मोकळी आहे. तिच्यावर आता मुख्यतः गेम खेळणारी आणि व्हिडिओ संपादन करणारी तरुण मुले चालतात.

२३/
औरंगाबादेतील घरात संगणक जोडता आला, कारण भाग कसे जुळावेत हे सांगणारे नियम कोणा एकाच्या तिजोरीत राहिले नाहीत. त्या संगणकात मराठी टिकली तीही अक्षरांचे आकडे सर्वांसाठी एक झाले तेव्हाच. जिथे नियम बंद राहिले तिथला मजकूर आज मुका आहे. काळ्या तारा मध्यभागी, हे वाक्य आता कोणाच्या उपयोगाचे नाही. पण ते विनामूल्य होते, सर्वांना ठाऊक होते, आणि एकाने दुसऱ्याला सांगितले होते.

(समाप्त)