आमची गोधडी व हॉलंडचा परकर

आम्स्टरडॅम शहराच्या पश्चिमेस स्लोटरडाइक हे आगगाडीचे मोठे जंक्शन आहे. रोज हजारो माणसे येथे गाडी बदलतात. परंतु स्टेशनाजवळच एक जुने गाव दडले आहे, हे थोड्यांनाच ठाऊक असते. ‘डाइक’ म्हणजे बांध. खाडीचे पाणी थोपवणाऱ्या बांधावर हे गाव वसले. आपल्या अलिबागकडच्या खारजमिनीही अशाच बांधांनी राखलेल्या आहेत, तेव्हा कोकणच्या माणसाला हे नाव समजावून सांगावे लागत नाही. १९२१ साली हे गाव आम्स्टरडॅममध्ये सामील झाले. आज सतराव्या शतकातील पेट्रसकेर्क हे लहानसे चर्च व काही जुनी घरे उंच कचेऱ्यांच्या सावलीत उभी आहेत. याच परिसरातील आमच्या घरी गेल्या हिवाळ्यात आम्ही मित्रमंडळींसह एक गोधडी शिवली. त्या वेळी जे ऐकले व जे शिकलो, ते वाचकांपुढे ठेवावेसे वाटते.

शिवणे हे शब्बाथला वर्ज्य असलेल्या ३९ कामांपैकी एक. हॉलंडात उन्हाळ्यात शब्बाथ संपायला रात्रीचे अकरा वाजतात. हिवाळ्यात मात्र संध्याकाळी सहाच्या सुमारास हवदाला होऊन आपण मोकळे होतो. म्हणून हिवाळ्यातला शनिवार निवडला. डिमोनाहून मावशी आल्या होत्या. शेजारच्या एक वृद्ध डच बाई आणि आमच्या मुलीच्या दोन मैत्रिणी याही सुईदोरा घेऊन आल्या. जेवणाचे टेबल भिंतीला सारले, जमिनीवर चादर अंथरली आणि आईची ट्रंक उघडली.

डच बाईंनी भरीसाठी जुनी लोकरीची घोंगडी व एक लिननचा टेबलक्लॉथ आणला होता. मावशींनी टेबलक्लॉथ हळूच बाजूला ठेवला. लोकर व लिनन एकत्र वापरू नये, अशी तोराहची आज्ञा आहे. कारण समजल्यावर बाई हसून म्हणाल्या, “मग टेबलावरच घाला, आपण त्यावर चहा घेऊ.” तसेच झाले.

खरा प्रश्न आईच्या लुगड्याचा होता. नऊवारी, हिरवे, लाल काठाचे. ती गेल्यापासून ते ट्रंकेत होते. आम्ही ते कापायला तयार नव्हतो. आपल्यात माणूस गेले की शोकात कपडा फाडतात. तो एकदा फाडून झाला होता, आता पुन्हा कात्री कशी लावावी? मावशींनी लुगडे उजेडात धरले. जिथे जिथे घडी, तिथे तिथे सूत विरले होते. त्या म्हणाल्या, “अगो, हे न वापरताच फाटलंय. अंगावर घेतलं असतं तर निदान कुणाला ऊब तरी मिळाली असती.” तरीही त्या रात्री आम्ही कात्री हाती घेतली नाही. इतर कपड्यांचे तुकडे कापून ठेवले आणि झोपलो.

रविवारी सकाळी डच बाई एक पुडके घेऊन आल्या. त्यात त्यांच्या आईचा ठिगळांचा परकर होता. रंगीबेरंगी तुकडे, खाली साध्या कापडाच्या त्रिकोणांची किनार, आणि मधल्या त्रिकोणावर भरतकामाने काढलेली तारीख: ५ मे १९४५. तो हॉलंडच्या मुक्तीचा दिवस. शेजारच्या त्रिकोणांवर लग्नाच्या व मुलांच्या जन्मांच्या तारखा होत्या. या परकराची हकिगत ऐकण्यासारखी आहे.

मीस बुआसव्हाँ-फान लेनेप या आम्स्टरडॅमच्या बाई. जर्मन अंमलात त्यांच्या कोरेलीस्ट्राटवरील घरात ज्यू लोकांना आसरा मिळाला आणि तेथेच प्रतिकार करणाऱ्या तरुणांचा गट जमू लागला. त्यांचे दोन मुलगेही त्यात होते. १९४३ च्या ऑगस्टमध्ये मीसबाईंना व त्यांच्या मुलांना अटक झाली. मीसबाई तुरुंगात असताना कुणीतरी त्यांच्याकडे एक रुमाल गुपचूप पोहोचवला. तो घरच्या माणसांच्या व स्नेह्यांच्या कपड्यांचे तुकडे जोडून केला होता. तुकड्यातुकड्यांतून त्यांना माणसे ओळखू आली. १ ऑक्टोबर १९४३ रोजी दोन्ही मुलांना गोळ्या घालण्यात आल्या. पती बुखेनवाल्डच्या छळछावणीत वारले. स्वतः मीसबाई रावेन्सब्रुकच्या छावणीतून जिवंत परतल्या.

परतल्यावर त्यांनी देशातील स्त्रियांना सुचवले की, प्रत्येकीने आपल्या घरच्या जुन्या कपड्यांच्या तुकड्यांचा एक परकर शिवावा, त्यावर ५ मे १९४५ ही तारीख काढावी आणि पुढे राष्ट्राच्या व घरच्या आनंदाच्या प्रसंगी तो नेसून नवी तारीख त्यावर भरावी. त्या काळी कापड टंचाईचे होते, त्यामुळे ही सूचना गरिबाश्रीमंतांना सारखीच परवडणारी होती. परकरांची नोंद होऊन त्यांवर क्रमांकाचा शिक्का मारला जाई. असे सुमारे ४००० परकर नोंदले गेले. १९४८ च्या सप्टेंबरात विल्हेल्मिना राणीच्या राज्यारोहणाला ५० वर्षे झाली, त्या वेळी हे परकर नेसून स्त्रिया आम्स्टरडॅममध्ये मिरवणुकीने गेल्या. आज असे परकर तेथील संग्रहालयांत जपलेले आहेत.

हे ऐकताना आम्हांस दुसरीही गोष्ट आठवत होती. युद्धापूर्वी हॉलंडात सुमारे १,४०,००० ज्यू राहत होते. त्यांतील १,००,००० हून अधिक लोक मारले गेले. माणसे नेल्यावर त्यांची घरेही रिकामी करण्यात आली. पलंग, भांडी, पांघरुणे, सारे गाड्यांत भरून गेले. कित्येक कुटुंबांचा एक तुकडाही मागे उरला नाही, की जो हातात धरून नाव घ्यावे.

आपले तसे झाले नाही. १९४८ नंतर आपली माणसे कोकण-मुंबई सोडून निघाली ती आपल्या इच्छेने, ट्रंका व वळकट्या बांधून. मावशींच्या वळकटीत आजीने शिवलेली गोधडी होती. नेगेवच्या वाळवंटात दिवसा कितीही ऊन असो, रात्री थंडी बोचते; त्या थंडीत मावशींची तिन्ही मुले त्या एका गोधडीखाली वाढली. ती गोधडी त्यांनी यावेळी बरोबर आणली होती. आमच्या मुलीने एका निळ्या ठिगळावर बोट ठेवून विचारले, “हे कुणाचं?” मावशींनी चष्मा लावून पाहिले. बराच वेळ पाहिले. मग म्हणाल्या, “आई सांगायची. मी विसरले.”

वाचकहो, गोधडीचा इतिहास तोंडी असतो. सांगणारे गेले की कापड मुके होते. डच स्त्रियांनी तारीख भरली म्हणून त्यांचा परकर आजही बोलतो.

कात्री त्यानंतर आम्हीच मागून घेतली. लुगडे कापले. मावशींनी आम्हांस जुनी रीत दाखवली: कापडाचे थर एकावर एक नीट पसरायचे, चारही कोपऱ्यांवर वजन ठेवायचे, सुरकुती राहिली तर पुन्हा उचलून अंथरायचे, कच्च्या दोऱ्याने टाचून घ्यायचे, आणि मग कडेपासून आत आत येत धावदोरा घालायचा. एका कडेला मावशी, दुसऱ्या कडेला डच बाई. एकीला मराठी व हिब्रू, दुसरीला डच. तरी टाके सारखेच पडत होते.

त्यातही नवल नव्हते. आपण छापील सुती कापडाला ‘चीट’ म्हणतो. हॉलंडात त्याच कापडाला ‘सित्स’ म्हणतात, आणि तो शब्द हिंदुस्थानातूनच तेथे गेला आहे. १६०२ साली स्थापन झालेली डच ईस्ट इंडिया कंपनी हे कापड, विशेषतः कोरोमंडल किनाऱ्याचे, जहाजे भरभरून नेई. आपल्या वेंगुर्ल्यासही १६३७ पासून तिची वखार होती. या चिटांची पांघरुणे व अंगरखे डच घरांत पिढ्यान् पिढ्या वापरले गेले. १६७८ साली आमर्सफोर्ट येथे त्यांची नक्कल छापण्याचा कारखानाही निघाला. तेव्हा आपले सूत आणि डच सुई यांची ओळख जुनी आहे.

रविवारी रात्रीपर्यंत निम्मी गोधडी झाली. उरलेली पुढील दोन रविवारी. अस्तराच्या कोपऱ्यात पांढरी पट्टी लावून मुलीने लाल दोऱ्याने मराठीत भरले: कोणते कापड कुणाचे, ती व्यक्ती कोणत्या गावची, आणि शिवणाऱ्यांची नावे. डच बाईंनी आपले नाव स्वतः देवनागरीत भरले. एक अक्षर उलटे आले, ते तसेच ठेवले.

आपल्या घरी अशी गोधडी असेल तर एक विनंती आहे. शब्बाथ संपल्यावर घरातील वडील मंडळींना ती हातात द्या, प्रत्येक ठिगळ विचारा, आणि मागच्या बाजूस नावे भरा. निळ्या ठिगळाबद्दल विचारायला आम्हांस उशीर झाला. तो आपणांस होऊ नये.